पाण्याकाठची बिनओळखीची खोली

आमच्या स्टाफरूममध्ये पंखा एक, कपाट एक आणि खिडकी अर्धी. एवढ्याशा जागेत इतके किस्से मावतात कसे, हे मला अजून कळलेलं नाही. सकाळी काही तरी घडतं, डबे उघडेपर्यंत त्याला फोडणी बसते आणि शनिवारपर्यंत तो किस्सा सगळ्यांच्या मालकीचा होतो. निम्मे तर माझ्या दचकण्यावरचेच आहेत. शिपाईमामांनी घंटा दिली की माझ्या हातातला खडू उडतो, मुलांच्या त्यावर पैजासुद्धा लावून झाल्या.

पण मागच्या थंडीतले किस्से वेगळे. ते सगळे एका खोलीचे आहेत आणि ती खोली शोधायचं काम माझ्या गळ्यात होतं.

आम्ही चौघी मुरुमच्या एका खासगी शाळेत शिकवतो. शाहीन मॅडम हिंदी, शिवलीला मॅडम गणित, मी दीपा विज्ञान. आणि मंगलबाई. त्या सगळ्यांत मोठ्या. चौथीत मी त्यांच्याच वर्गात होते. आता शेजारच्या खुर्चीवर बसते, पण त्या आत आल्या की माझे पाय आपोआप उभे राहतात.

मधल्या सुट्टीत चौघींचा चहा एकदमच येतो. तिघींचा गरम पिऊन होतो, मंगलबाईंचा कधीच नाही. कुणाचं तरी पोर रडत येतं, घरून सासूबाईंच्या गोळीचा फोन येतो, कुणाचा दाखला राहिलेला असतो. मग त्या साय धरलेला कप एका घोटात रिकामा करतात. दुसरा मागवू का, असं शिवलीला मॅडम रोज विचारतात.

"राहू दे. गार बरा, लवकर संपतो."

हा आमच्याकडचा सगळ्यात जुना किस्सा. त्यात काहीच घडत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

* * *

सुरुवात शाहीन मॅडमच्या मोबाइलमुळं झाली. त्यांची बहीण कुठल्या तरी तळ्याकाठी राहून आली होती, तिचे फोटो आम्ही बघत होतो. मंगलबाईंनी एका फोटोवर बोट ठेवलं. त्यात नुसती एक खिडकी होती आणि खिडकीत पाणी.

"मला लांब नको," त्या म्हणाल्या. "पाणी दिसेल अशी एक खोली, आणि सकाळचा चहा मी करायचा नाही. बास."

आम्ही हसलो. मग शाहीन मॅडमनी सहज विचारलं, की असं आजवर कधी झालंच नाही का? बाई खरंच विचार करायला लागल्या. सासरी तर त्यांनाच करावा लागतो. पाहुण्यांकडं गेलं तर, बाई आल्यात म्हटल्यावर घरातली बाकीची माणसं निवांत होतात. माहेरी आईवडील राहिले नाहीत. भावजयीची कंबर धरलेली, म्हणून तिथं बॅग खाली ठेवली की थेट ओट्यापाशी. मनातल्या मनात सगळी घरं फिरून झाली आणि त्या म्हणाल्या, "नाही गं. नाहीच झालं."



जानेवारीत त्यांची नणंद येणार होती. अंथरुणावरच्या आईला एक रात्र मी बघते, असं ती स्वतःहून म्हणाली होती. एकच रात्र. नणंद परत कधी येईल आणि आली तरी असं म्हणेल का, याची खात्री नव्हती. म्हणजे खोली चुकली की संपलंच. आणि ती शोधायची मी, कारण, शिवलीला मॅडमच्या शब्दांत, "तू सगळ्याला भितीस, म्हणजे सगळं बघशील."



* * *

पहिलं नाव निघालं नळदुर्गचं. बोरी धरण जवळ, रस्ता बरा, लॉज आहेत. त्यातला बायकांना राहायला बरा कुठला, एवढंच विचारायला शिवलीला मॅडमनी आईला फोन लावला. फोन कानडीत होता, आम्हाला फक्त "लॉज" कळलं. पण पलीकडचा आवाज एकदम चढला तो कळला.

नळदुर्गात त्यांची मावशी होती. आमच्याकडं गावात मावशी असताना लॉजवर उतरणं म्हणजे मावशी मेली असं जाहीर करण्यासारखं आहे. संध्याकाळपर्यंत मावशीचाच फोन आला, हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, गहू भिजत घातलेत, रविवारी चौघींनी यायचंच.

गेलो. न जाऊन सांगता कुणाला. हुग्गी फार सुरेख झाली होती. मी तिसरी वाटी घेताना मंगलबाईंना हाक मारली, तर त्या आतून म्हणाल्या, "आले गं, एवढ्या पोळ्या होऊ दे."

परत येताना गाडीत शिवलीला मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. तिथंच नियम ठरला: जिथं चौघींपैकी कुणाचंच कुणी नाही, अशाच गावात जायचं. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, असं गाव शोधून बघा एकदा.

* * *

मग मी परांड्याच्या बाजूला एक जागा बघितली. लांब होती, पण आमच्यापैकी कुणाची सोयरीक तिकडं गेलेली नव्हती. नंबर लावला. काय काय विचारायचं हे मी आधी आरशापुढं म्हणून बघितलं होतं. कडी आतून आहे का, एक आहे की दोन, खिडकीला जाळी आहे का, साप येतात का, आले तर कुठल्या बाजूनं, पाणी पायऱ्यांपासून किती लांब, लाइट गेली तर काय, शेजारच्या खोलीत कोण असेल.

तो माणूस बिचारा सापांपर्यंत नीट उत्तरं देत होता.

मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही राहायला येताय का पंचनाम्याला?"

मी घाबरून फोन ठेवला. नंतर दोनदा त्याचाच फोन आला, मी उचलला नाही. अजूनही परांड्याच्या बाजूचा अनोळखी नंबर आला की मला तोच वाटतो.

* * *

एका धरणावरचं विश्रामगृह शाहीन मॅडमच्या मामूंच्या ओळखीनं मिळत होतं. त्या आणि मी स्कूटीवरून आधी बघूनच आलो. वाटेत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर होते. प्रत्येक ट्रॅक्टरच्या बाजूनं जाताना मी डोळे मिटत होते. "कायकू डरती गे," शाहीन मॅडम पुढून म्हणायच्या, "गाड़ी मैं चला रही हूँ, तू नहीं." मला त्याचीच तर भीती होती.

जागा मात्र नामी होती. चौकीदारकाका म्हातारे, साधे. खोली स्वच्छ, कड्या दोन, दोन्ही लागणाऱ्या. खिडकी उघडली तर फोटोतल्यासारखं नुसतं पाणी. मी गजांना हात लावून बघितला, ते घट्ट होते. कित्येक दिवसांनी मला नीट श्वास घेता आला.

"अजून दावायचं ऱ्हायलंय," काका म्हणाले आणि मागच्या बाजूला घेऊन गेले. दार ढकलून ते अभिमानानं बाजूला सरकले. आत गॅस, ओटा, घासून लख्ख केलेली पातेली.

"सायब लोकं आली की बाहेरनं डबा आणावा लागतो. तुमी बायामाणसं हाय म्हणल्यावर काय टेन्शन न्हाय."

शाहीन मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी पातेल्यांकडं बघत होते. एक चहाचंच होतं.



* * *

शेवटी माकणी सापडलं. धरणाच्या फुगवट्याला एका जोडप्यानं आपल्या शेतात चार खोल्या बांधल्या होत्या. जेवण, चहा, सगळं तेच करून देणार. स्वयंपाकघर त्यांच्या घरात, आपल्या खोलीत नाही. चौघींची सासरं, माहेरं, आजोळं आठवून झाली, माकणीत कुणीही निघालं नाही.

आता राहिले माझे पप्पा. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि एकच विचारलं, "तिथं आपलं कोण हाय?"

कुणीच नाही, म्हणून तर चाललोय, हे त्यांना कसं सांगणार? रात्री काही झालं तर कुणाच्या दारात जाशील, असं ते म्हणाले. वाईट म्हणजे मलाही तेच वाटत होतं. पाणी, शेत, चार अनोळखी खोल्या. आपलं माणूस जवळ नसलेल्या गावात मी आजवर झोपलेले नाही. तेवढ्यात मम्मी आतून म्हणाली की मंगलबाई आहेत बरोबर.

"मग जा की," पप्पा म्हणाले. "बाई बघतील सगळं."

मी मान हलवली. त्या एका रात्री बाईंनी काहीच बघायचं नव्हतं, हे सांगायचं धाडस झालं नाही.

* * *

शनिवारची शाळा सुटल्यावर शाहीन मॅडमनी नवऱ्याची गाडी आणली. वाटेत मी तिघींना पुन्हा पुन्हा बजावलं. आडनाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही आणि माहेर तर अजिबात नाही. एकदा का नातं निघालं की खोलीत कशाला, घरात चला, असं होणार. घरात गेलो की ओटा आलाच. शिवलीला मॅडमनी मान डोलवली. मंगलबाई म्हणाल्या, "खोटं बोलायचं?" चौथीत याच आवाजात त्या छडी मागायच्या.

"खोटं नाही बाई. नुसतं बोलायचं नाही."

मालकीणबाई फाटकापर्यंत आल्या. सुरेखाताई नाव, बाईंपेक्षा बऱ्याच लहान, हातात पाण्याचा तांब्या. पाणी देता देता त्यांनी विचारलं, कुठल्या गावच्या? शिवलीला मॅडम म्हणाल्या, उमरग्याकडच्या. आडनाव? शाहीन मॅडमनी पपईच्या झाडाचं कौतुक सुरू केलं. सुरेखाताईंनी पपईचं ऐकून घेतलं आणि शांतपणे मंगलबाईंकडं वळल्या.

"ताई, तुमचं माहेर कुठलं?"

बाईंचं तोंड उघडलं. त्या खरं सांगणार हे मला दिसलं. खरं सांगितलं की कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी आत्या निघणार, आणि पोळ्या. घाबरल्यावर येते तीच बोली माझ्या तोंडातून आली.

"बाईंना माहेर न्हाय."

शाहीन मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मंगलबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता इथंच अंगठे धरून उभं करणार. पण त्यांनी नजर खाली वळवली. हे खोटं आहे, असं म्हणाल्या नाहीत.

सुरेखाताईंनी पुढं होऊन त्यांच्या हातातली बॅग घेतली.

"असं नगा म्हणू. हे धरा की माहेर."

* * *

त्या दुपारपासून मंगलबाईंची जी पंचाईत झाली ती बघण्यासारखी होती. जेवण झाल्यावर त्या ताट उचलायला वाकल्या, तर सुरेखाताईंनी ते हातातून काढून घेतलं. पाणी आणायला घराकडं निघाल्या, तर दारातच अडवलं. "माहेराला आलेली बाई चुलीपाशी? जावा तिकडं, बसा."

बाई बसल्या. बसून काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. आमच्या ओढण्यांच्या घड्या केल्या, मोडल्या, पुन्हा केल्या. शेवटी शिवलीला मॅडमनी ओढण्या लपवल्या.

मला पाणी बघायलासुद्धा सुचत नव्हतं. एका वाक्याचं केवढं झालं, आणि ते उघडं पडलं तर? संध्याकाळी सुरेखाताई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आईवडील कधी गेले त्यांचे?"

"लई वर्षं झाली," मी म्हणाले. ते खरंच होतं.

* * *

सकाळी मला जाग आली तर शेजारची खाट रिकामी. पांघरुणाची घडी उशाला. दोन्ही कड्या काढलेल्या. बाहेर धुकं, आणि धुक्यात ते पाणी.

मी अनवाणी धावले. पायऱ्या कुठं संपतात, पाणी कुठं सुरू होतं, काही दिसत नव्हतं. "बाई," म्हणून ओरडले ते इतक्या जोरात, की काठावरचे बगळे उडाले.

"काय झालं गं?"

त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, शाल गुंडाळून, पाण्याकडं तोंड करून. खाली दगडावर सुरेखाताई शेंगा निवडत होत्या. बाईंच्या हातात भरलेला कप होता. केव्हाचा असावा, वर जाड साय आली होती. बगळे लांबवर जाऊन पुन्हा बसले, तोवर त्या तिकडंच बघत राहिल्या. मग त्यांना कप आठवला. त्यांनी एक घोट घेतला.

आता एका दमात संपवणार, म्हणून रिकामा कप घ्यायला मी सवयीनं हात पुढं केला.

त्यांनी कप माझ्या हातावरून पलीकडं नेला आणि सुरेखाताईंपुढं धरला.

"सुरेखा, हा गार झाला गं. दुसरा कर."

आणि पाय वर खुर्चीत घेतले.