चंद्रीची खोड

मिरज स्टेशनबाहेरच्या टांगास्टँडवरचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. ते ओढणीला चिकटून यायचे, घोड्याच्या केसांसारखे. घरी गेले की आई केस झटकायची आणि मी किस्सा सांगायचे.

तेव्हा मी बी.एस्सी. होऊन मिरजेतल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये लागले होते. भिलवडीहून सकाळची पॅसेंजर, पुढे शेअर टांगा. स्टँडवर रिक्षा वाढत चालल्या होत्या, पण वळणावर रिक्षा कलली की माझा जीव जायचा. टांग्यात घोड्याची भीती वाटायची, पण तो निदान समोर दिसायचा!

पहिल्याच दिवशी मी बाबूमामांच्या टांग्याजवळ गेले आणि त्यांची घोडी चंद्री शिंकली. माझा डबा खाली, मी मागे, आणि तोंडातून निघून गेलं, "सॉरी!"

बाबूमामांनी डबा उचलून पुसला. म्हणाले, "आवं ताई, शिंकली ती. सॉरी तिनं म्हनाय पायजे!"

*

नानाचं तट्टू म्हणजे बरगड्या मोजून घ्याव्यात असं. नाव मात्र हिंदकेसरी! पुलाचा चढ आला की नाना स्वतः उतरायचा आणि गिऱ्हाइकालाही उतरवायचा.

एकदा एक सुटाबुटातले गृहस्थ वैतागले. "अहो, चालायचंच होतं तर मी टांगा कशाला केला?"

"सोबतीला!" नाना म्हणाला. "एवढ्या लांब एकट्यानं जायला करमतं व्हय?"

चढ संपल्यावर ते गृहस्थ आपणहून हिंदकेसरीच्या पाठीवर थाप मारून मग टांग्यात चढले, हेही सांगायला हवं.

*

स्टँडवरचे दस्तगीरचाचा पोटाच्या दुखण्यानं आमच्याच दवाखान्यात दाखल झाले. मी रक्त घ्यायला गेले तर म्हणाले, "बेटी, माझं ऱ्हाऊ दे. राजा खातोय का तेवढं बघून ये."

राजा म्हणजे त्यांचा घोडा. तो खात नव्हता. चाचांच्या हातचा हरभरा सोडून त्याला दुसऱ्याचा चालायचा नाही. शेवटी भेटायच्या वेळेला नाना त्याला घेऊन थेट वॉर्डच्या खिडकीखाली हजर!

सिस्टर वरून ओरडल्या, "ही वेळ नातेवाइकांची आहे!"

"नातेवाईकच हाय!" नाना खालून. "घरातला थोरला!"

वर चाचा खोकले. तो खोकला ओळखून खाली राजा असा खिंकाळला की माझ्या हातातली त्यांच्या रक्ताची ट्यूब पडून फुटली. रक्त पुन्हा घ्यावं लागणार होतं. मी रडकुंडीला आले.

चाचांनी हसत दुसरा हात पुढे केला. "घे बेटी. आता लागंल तेवढं घे."

*

बाबूमामांचा मुलगा सुनील. त्याची रिक्षा समोरच्याच रांगेत उभी असायची. बापाचा गुडघा गेलेला, टांग्यावर चढताना तोंड वाकडं व्हायचं, ते सुनील रोज समोरून बघायचा.

"आबा, दसऱ्याच्या आत चंद्री इका. घरी बसा आता."

"गिऱ्हाईक आन, मग बघू," बाबूमामा म्हणायचे. गिऱ्हाईक येणार नाही याची त्यांना खात्री होती.

त्या वर्षीच्या बेंदराला सगळ्यांनी बैल सजवले आणि बाबूमामांनी नेहमीप्रमाणे चंद्री. नाना म्हणाला, "गड्या, बेंदूर बैलांचा. हिला शिंगं तरी हायती का?"

"म्हनून पोळी द्यायची न्हाई व्हय? राबत न्हाई का ती?"

त्यांनी शिंगांऐवजी खुरं रंगवली आणि पुरणपोळी भरवली. सुनीलनंही हौसेनं रिक्षाला झेंडूचा भलामोठा हार घातला. मी टांग्यात बसायला आले, तर चंद्री मान लांब करून तो हार शांतपणे चघळत होती!

"आबा! बघा तुमची चंद्री!"

बाबूमामांनी हार सोडवलासुद्धा नाही. "खाऊ दे रं. रिक्षाला कुठं कळतंय आज बेंदूर हाय?"

*

स्टँडवर नंबर असायचे. पुढचा टांगा गेला की मागचा सरकायचा. चंद्रीला ते सांगावं लागायचं नाही.

एकदा बाबूमामा चहाला गेलेले, मी एकटीच टांग्यात, आणि टांगा चालू लागला. मी अशी किंचाळले की हमाल धावत आले. तोवर चंद्री एक जागा पुढे सरकून थांबलीही होती.

बाबूमामा कपबशी घेऊनच आले. "ताई, कुटं पळवत न्हाई ती तुमाला. नंबर पुढं सरकला!"

*

आणि दसऱ्याच्या आधी गिऱ्हाईक आलं. सुनीलनंच आणलं. कवठे महांकाळचे एक पाटील, पांढराशुभ्र फेटा, वरातीला घोडी हवी होती. मी नेहमीसारखी टांग्यात बसलेली. पाटलांनी चंद्रीचे दात बघितले, पाय बघितले. घोडी पसंत पडली.

पण आमच्याकडची रीत अशी, की विकणाऱ्यानं जनावराची खोड स्वतःच्या तोंडानं सांगायची. त्याशिवाय सौदा होत नाही.

"बोला बाबूराव. खोड काय हिची?"

चंद्रीबद्दल वावगा शब्द बाबूमामांच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. ते बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "चावती."

चंद्रीनं त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवली.

"लाथा मारती. आन... उधळती. लय उधळती."

नाना आणि चाचा जमिनीकडे बघू लागले. पाटील माझ्याकडे वळले. "ताई, तुमी रोजच्या दिसता. खरं सांगा. भ्या वाटतं का हिचं?"

"फार वाटतं," मी म्हणाले.

त्या सकाळी तिथं बोललं गेलेलं तेवढंच खरं होतं!

पाटलांनी शेवटी सुनीलला विचारलं, "पोरा, तू मला एवढ्या लांबनं आनलंस. तू सांग. हाय का हिला खोड?"

सुनीलनं चंद्रीकडे बघितलं, मग बापाच्या गुडघ्याकडे.

"लय वंगाळ खोड हाय, पाटील," तो म्हणाला. "ही रिक्षा खाती."

पाटील आधी चंद्रीकडे, मग बापलेकांकडे बघत राहिले. मग फेटा सारखा करून एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

तेवढ्यात पुढचा टांगा सुटला. चंद्री एक जागा पुढे सरकली. सुनील चाकाशी वाकला आणि त्यानं बापापुढे आधाराला खांदा केला.

"चढा आबा. नंबर आलाय."