बांधावरची रानगारवेल आणि माझी लाल फीत

१. शनिवारी पहाटे पाचला पुण्याहून निघाले.
२. साडेअकराला आटपाडीजवळच्या बांधावर पोहोचले. वेल होती, फुलं मिटलेली.
३. रविवारी सकाळी साडेसहाला पुन्हा गेले. वेल नव्हती.
४. कारण मी.

आता सविस्तर. कोरड्या माळावरची ही रानगारवेल, म्हणजे सकाळीच फुलणारी रानटी वेल, मला मागच्या वर्षी दिसली होती. साधीच की दुर्मीळ, हे उघडं फूल आणि पिकलेलं बी पाहिल्याशिवाय सांगणार नाही, असं वनस्पतिशास्त्राच्या सरांनी बजावलं होतं. फूल दहापर्यंत मिटतं, हे मला ठाऊक होतं. तरी साताऱ्यात मिसळीला पाऊण तास दिला. पुढे वडूजपर्यंत रस्ता खणलेला. मायणीनंतर ऊस संपतो आणि कुसळं सुरू होतात; रस्ता मात्र छान आहे.

उद्या अंधुक उजेडात वेल सापडावी म्हणून शेजारच्या काटकीला लाल फीत बांधली. फोनचा जीपीएस चार-पाच मीटर चुकतो आणि बांध दोन फुटांचा. स्वतःवर खूश होऊन विट्याला मुक्कामी गेले. लॉज आठशे रुपये, गरम पाणी सहानंतर, म्हणजे मला नाही.

सकाळी बांध खरवडून स्वच्छ. शेजारी बाजरी काढणाऱ्या काकूंना विचारलं.

"आगं, लाल फीत बगून ह्यास्नी वाटलं, धाकट्या दिरानं मोजणी आणली. दिराला वाटलं, आमी आणली. मग सांच्यालाच दोघांनी बांध उकरला, हद्दीचा दगड हुडकाया."

"सापडला?"

"घावला की! आमी म्हणत हुतो तितंच."

पलीकडून दीर ओरडले, "वैनी, खोटं नगा सांगू! म्याडम, मोजणी कवा हाय?"

"मी मोजणीची नाही. वेल बघायला आले होते."

"त्या तनासाठी पुन्यास्नं?" काकूंनी उपटलेल्या तणाच्या ढिगाकडे बोट केलं. "शेरडंबी तोंड लावत न्हाईत तिला."

मी नकाशांच्या कंपनीत काम करते, हे सांगितलं नाही.

ढिगातली वेल घरी आणून वर्तमानपत्रात दाबली आहे. फुलं मिटलेली, बी हिरवं. सरांना फोटो पाठवला. "यावरून काही सांगता येणार नाही," असं उत्तर आलं. एका रोपाची ओळख पटवायला गेले आणि ते संपवून आले. आसपास दुसरं दिसलं नाही.

आटपाडी, जत, म्हसवड भागातल्या वाचकांनी फिकट जांभळ्या फुलाची, केसाळ पानांची वेल पाहिली असेल तर गावाचं नाव खाली लिहावं. कृपया शुक्रवारपर्यंत कळवा.