दोन्ही भुवया

पेशंट बाई असली की ऑपरेशनआधी भास्कर स्वतः तिच्या वेण्या घालायचा. कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथली बोटभर पट्टी तेवढी तासायची आणि उरलेल्या केसांच्या बारीक वेण्या करून बाजूला बांधायच्या. मी अर्धं डोकं भादरून मोकळा व्हायचो. “आई ऊस तोडायला गेली की बहिणीच्या वेण्या मीच घालायचो बे,” तो सांगायचा. तो तलवाड्याचा, ऊसतोडीवाल्याचा पोरगा, मी बागायतदाराचा. बीडच्या एकाच हॉस्पिटलात आम्ही दोघं मेंदूचे सर्जन. पण पेशंट त्याचं नाव विचारत यायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कानापुढून, कानशिलाच्या बाजूनं कवटी उघडायची, हा आमचा नेहमीचा रस्ता. तिथंच भुवई उचलणारी नस असते. हात जरा चुकला की भुवई पडते, ती पडतेच. माझ्या हातून दोनदा पडली होती; त्याच्या हातून एकदाही नाही. हाडाचा तुकडा काढून ठेवताना तो पुटपुटायचा, “अमानत हाय. जशी घेतली तशी वापस करायची.” सिस्टर कौतुकानं ऐकायच्या, मी घड्याळ बघायचो.

मग माझ्याच आईच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगल्याचं निघालं. फुटली तर खेळ खलास. मी मुंबईच्या एका सर्जनचं नाव काढलं.

“मुंबई कावून? भास्कर हाय की,” आई म्हणाली.

“त्याच्यात एवढं काय आहे? मीही तसंच करतो.”

आईनं दोन्ही भुवया कपाळात चढवल्या. मी लहान असल्यापासून माझी थाप पकडली की ती हेच करते.

भास्करनं तिच्याही वेण्या घातल्या. मी बाहेर बाकावर बसून देवाकडे आईचा जीव मागत होतो. आणि खोटं कशाला बोलू, एखादी भुवई पडली तर बरं, असंही मनात येऊन गेलं. चार तासांनी तो बाहेर आला. “अमानत पोचती केली बे,” म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

गेल्या उन्हाळ्यात हृदयविकारानं भास्कर गेला. दहाव्याला तलवाड्यात मी लोकांना सांगत होतो, “आम्हा दोघांचा हात अगदी सारखा होता.”

शेजारी आई पदरानं डोळे पुसत बसली होती. तिनं पदर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि भुवया वर केल्या.

दोन्ही.