पोर बहिर्मुख निघाली

शके १८६८, वैशाख वद्य पंचमी. उडदाचे पापड, दुसऱ्या खेपेचे.

सकाळी पीठ कुटून झालं होतं. मी दोऱ्याने लाट्या कापत होते आणि पुतणी समोर बसून लाटत होती. पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. आई गेल्यावर ती शेवगावला आमच्याकडे आली ती आमचीच झाली. कामाला चपळ, हात स्वच्छ, दिसायला चारचौघींसारखी. एकच गोष्ट होती, ती बोलत नसे. विचारलं तर उत्तर देई, तेही मोजकं. मला याचा कधी त्रास झाला नाही. दिवसभर शाळेतल्या पोरांशी बोलून घसा मोकळा झालेला एक माणूस घरात होताच.

पण आदल्या वर्षी एका स्थळाने तिला नाकारलं आणि कारण सांगितलं, "मुलगी घुमी आहे." मुलगी सावळी असली तर लोक तिला तरतरीत म्हणून वेळ मारून नेतात. घुमेपणावर घालायला असलं पांघरूण नाही. तो शब्द तिच्या मागे गावभर फिरला.

त्यानंतर आलं ते घोडेगावचं स्थळ. मुलगा नेवाशाला पोस्टात. पाहायला आला तेव्हा त्याने नेहमीचे प्रश्न सोडून विचारलं, "वाचता का?" ही म्हणाली, "मिळालं तर." मंडळी गेल्यावर भांडी पुसता पुसता ही आपण होऊन म्हणाली, "काकू, त्यांनी बरं विचारलं." एवढं बोलणं म्हणजे तिच्याकडून पोवाडाच होता. मी समजले. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. त्यांचा निरोप यायचा होता.

त्याच दिवसांत आमच्या ह्यांनी वाचनालयातून एक मासिक आणलं. त्यात 'आपला स्वभाव ओळखा' असा लेख होता. प्रश्नांना हो किंवा नाही म्हणायचं, गुण मांडायचे, की आपण अंतर्मुख की बहिर्मुख ते कळे. मास्तरांना परीक्षा घ्यायची म्हटलं की उन्हाळ्याची सुट्टी आठवत नाही. पापडांची पहिली खेप चालली होती, चार बायका आयत्या बसलेल्या. हे उंबऱ्यात पाट टाकून बसले.

"एकट्याने फिरायला जाणे आवडते का?"

"एकटीनं कशी जाऊ? म्हागं म्हैस असती की," शेजारीण म्हणाली. ही आमची दूधवाली. तिचा नवरा गुरांचे सौदे करी.

"अहो, म्हैस सोडून!"

"म्हैस सोडून फिराया लागले तर मालक मला सोडंल."

बायका हसून लोळल्या. लाट्यांवर पीठ उडालं. मग ह्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुला एकांत प्रिय आहे का?"

"मिळाला की सांगते."

"हे उत्तर नव्हे."

"मग मांडा शून्य."

पुतणीने मात्र सगळ्या प्रश्नांना धडाधड उत्तरं दिली. अनोळखी माणसांत बोलायला आवडतं? हो. गर्दी आवडते? हो. मन मोकळं करता? हो. मी लाटणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हिशेब झाला आणि हे आनंदाने उभेच राहिले. "कोण म्हणतं आमची पोर घुमी? ऐका सगळ्या! पोर बहिर्मुख आहे! शास्त्राने सिद्ध झालं!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हसणं एकदम थांबलं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. शेजारणीने तर जाताना पोरीच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मला वाटलं, कौतुक आहे.

मग मध्यस्थ आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि खाली बघून म्हणाले, "घोडेगावकर विचारतात, मुलीच्या कानांबद्दल काही लपवलंत का?"

घोडेगावच्या बाजाराला आमच्या आळीतून एकटा शेजारणीचा नवरा जाई, म्हणून मी तशीच तिच्याकडे गेले. ती धारा काढत होती.

"म्या काय वंगाळ बोलले न्हाई, मास्तरीणबाई. मालक बाजाराला घोडेगावला गेल्ते. तितं इषय निगाला, तवा बोलले, पोर लई गुणाची हाय, फकस्त भैरी हाय."

"बहिरी? कुणी सांगितलं बहिरी?"

"मास्तरांनी! सोताच्या तोंडानं! 'भैरमुख हाय' म्हनले की न्हाई? आन् मला वाटलं, व्हय, म्हनूनच बोलत न्हाई बिचारी. ऐकूच येत न्हाई तर बोलंल कसं?"

तिच्या बोलण्यात एक अक्षर कुचकं नव्हतं, म्हणून मला रागवताही येईना. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे टाक शोधू लागले. "मी त्यांना दोन्ही संज्ञा नीट समजावून लिहितो."

"आता एकही संज्ञा घराबाहेर काढायची नाही," मी म्हटलं.

रात्री अंथरुणं घालताना पुतणीला विचारलं, "त्या प्रश्नांना तसली उत्तरं का दिलीस गं? तुला कधीपासून गर्दी आवडायला लागली?"

"घुमी नको होतं," ती म्हणाली आणि कूस बदलली.

पंचमीला पीठ तिनेच कुटलं. तेल लावलेल्या वरवंट्याने असं बडवलं की तसं मऊ पीठ आमच्याकडे पुन्हा झालं नाही.

तर लाट्या कापत होते, एवढ्यात दारात सावली पडली. मुलाची आई. सकाळच्या मोटारीने घोडेगावहून एकट्याच आल्या होत्या, अंगावर धूळ. पुतणीची दाराकडे पाठ होती. मी उठणार तोच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. चपला काढून मांजरीच्या पावलांनी आत आल्या, पोरीच्या मागे उभ्या राहिल्या आणि अगदी हळू, पुटपुटल्यासारखं म्हणाल्या,

"मुली, तुझ्या पदरावर विंचू आहे."

आमच्या बाजूला विंचवाची कुणी थट्टा करत नाही. माझाच हात दोऱ्यासकट वर गेला. पुतणीने लाटणं थांबवलं नाही. पापडाची कड फिरवून पातळ केली, तो उचलून सुपात टाकला आणि मग मान न वळवता म्हणाली,

"विंचू असता तर तुम्ही ओरडला असता."

मी डोळे मिटले. कान सिद्ध झाले, पण तोंडाने घात केला, असं वाटलं. सासू होऊ घातलेल्या बाईला असं उत्तर! एवढी वर्षं गप्प राहिली, आणखी एक सकाळ राहिली असती तर काय बिघडलं असतं?

बाई मटकन खाली बसल्या, पदराने तोंड पुसलं. त्या हसत होत्या.

"ऐकू येतं," त्या मला म्हणाल्या. "चांगलंच ऐकू येतं. मग ते भैरं भैरं काय होतं हो?"

मी मासिकापासून म्हशीपर्यंत सगळं सांगितलं. पुतणी उठून त्यांच्या पाया पडली, पाणी घेऊन आली आणि पुन्हा लाटायला बसली. बाईंनी न विचारता एक लाटी उचलली, तेलात बुडवली आणि तोंडात टाकली.

"खार बेताचा आहे," म्हणाल्या. मग तिच्याकडे बघत, "आमच्याकडे सगळे बोलके. आणि मुलगा कसा आहे सांगू? विंचू म्हटलं की आधी पाटावर चढतो, मग विचारतो कुठे आहे म्हणून. पोरी, चालेल का तुला असला?"

"पाट मोठा आहे का?" पुतणीने विचारलं.

आता मात्र मलाही हसू आवरलं नाही.

एवढ्यात हे वाचनालयातून आले, बाईंना पाहून दारातच थबकले. "आपला गैरसमज झाला आहे. बहिर्मुख म्हणजे, मुळात मनाच्या दोन..."

"मास्तर, ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "तिथी बघा."

दुपारच्या जेवणात आम्ही पहिल्या खेपेचे पापड भाजले. रेशनची साखर सणासाठी ठेवली होती, ती काढून शिरा केला. बाई संध्याकाळच्या मोटारीने परत गेल्या. पुतणीने निजेपर्यंत एक शब्द काढला नाही, पण वर धाब्यावर वाळत घातलेले पापड झाकायला मला न सांगता दोनदा जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. हे नव्या मासिकात नाक खुपसून बसले होते. मी हळूच म्हटलं, "तुमच्या धोतरावर विंचू आहे."

"हं," हे म्हणाले, "ठेव तिथे."

मी चहा तिथे ठेवला आणि पापड उलटायला वर गेले.