हार्डडिस्क कोणाच्या ताब्यात?

काही केसेस निवृत्तीच्या दिवशी टोपी-पट्ट्याबरोबर जमा करता येतात. अकोल्याची ती हार्डडिस्कची केस मला जमा करता आली नाही. आजही अमरावतीला घरी चहा घेताना ती आठवते आणि मी कप तसाच ठेवून अंगणात येरझारा घालू लागतो. सून म्हणते, "बाबा, बसा ना एका जागी." बसवत नाही, तर काय करू?

माझं शिक्षण सातवी. त्या काळी तेवढ्यावर शिपाई होता येत होतं. पुढे सहायक फौजदार झालो तो जबाब लिहिण्याच्या जोरावर. माणूस बोलतो तसाच कागदावर उतरवायचा, आपला शब्द त्यात घुसवायचा नाही. हे मला कोणी शिकवलं नाही आणि यात मला मागे टाकणारा पदवीधर मी पाहिला नाही.

लग्नसराईचे दिवस होते. ठाण्यात कूलर नुसता आवाज करत होता. एक गृहस्थ तावातावाने आत आले. मूळचे हिवरखेडचे, अकोल्यात घरीच संगणकावर लग्नपत्रिका बनवून द्यायचे. तक्रार सख्ख्या पुतणीविरुद्ध.

"जमादार साहेब, पोरगी कॉम्प्युटरवर बसली का माही हार्डडिस्क गायब! साऱ्या पत्रिका तिच्यात. पार्टी दारात येऊन शिव्या देऊन राहिली. गुन्हा दाखल करा."

"चोरून नेली?"

"नाई. वायरले लटकलेलीच असते."

"लटकलेली असते तर गायब कशी?"

"डोयानं दिसते, साहेब. कॉम्प्युटरमंधी दिसत नाई!"

शेजारच्या टेबलावरचा हवालदार तोंड दाबून हसला. मला हसू आलं नाही. त्याच पोरीचा चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर पडला होता. तिची सरकारी नोकरीत निवड झाली होती. बाप वारलेला, आई त्याआधीच गेलेली, काकाकडेच वाढलेली. गुन्हा दाखल झाला असता तर मलाच त्या कागदावर तसं लिहावं लागलं असतं आणि तिची नोकरी तिथंच संपली असती.

ठाणेदार साहेब म्हणाले, "घ्या दाखल करून. सायबरवाले पाहतील."

"साहेब, आधी घर पाहून येतो."

"लवकर उरका. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत घर पाहायचं असते."

असते. म्हणूनच गेलो.

दोघांना वेगवेगळं विचारलं. हा माझा नेम होता, चोरी शेळीची असो का सोन्याची. काका म्हणाला, "घराच्या अर्ध्या हिश्शासाठी माह्या धंद्यावर उठली. आख्ख्या गल्लीसमोर सांगतो, चोर हाय ते." अर्धं घर तिच्या वारलेल्या बापाच्या नावावर होतं. म्हणजे भांडणाला जागा होती.

पोरगी शांत होती, पण बोटं ओढणीशी चाळा करत होती. काकाला ती मोठेबाबा म्हणायची. म्हणाली, "साहेब, मोठेबाबांनी त्यांचं जुनं मशीन सुरू करून ठेवलं का मलेबी हार्डडिस्क दिसत नाई. माह्या अभ्यासाचे सारे व्हिडिओ तिच्यातच हायेत. मी आली होती का ठाण्यात?"

"जुनं मशीन कुठं आहे?"

"याच्या आतच."

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. ती पहिल्यांदा हसली आणि मग तिनं समजावलं. काकाचं पत्रिकांचं सॉफ्टवेअर जुनं, नव्या संगणकावर चालेना. म्हणून दुरुस्तीवाल्यानं नव्या संगणकाच्या आत दुसरा संगणक बसवला होता. लोखंडाचा नाही, पडद्यावरच्या एका चौकटीत चालणारा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. थोडक्यात एका घरात दोन बिऱ्हाडं. बाहेर पुतणी, आत काका, आणि हार्डडिस्क दोघांत एकच. दुरुस्तीवाला यायचा, सगळं बंद करून चालू करायचा, हार्डडिस्क दिसायची, तो जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी घरी गेलो, पण जेवण जाईना. खोटं बोलणारा माणूस पोलिसाला बरा, त्याला कुठेतरी पकडता येतं. इथे दोघं एकमेकांविरुद्ध एकच तक्रार करत होते आणि दोघांचीही नजर सरळ होती. दोन फिर्यादी, आरोपी कोणीच नाही. माझं डोकं वारुळासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी परत गेलो. म्हटलं, "रोज करता तसंच माझ्यासमोर करा. भांडायचं नाही."

पोरीनं बाहेरच्या संगणकावर हार्डडिस्कमधला एक व्हिडिओ लावला, थोडा पाहिला, मग तो बंद न करता पडद्याच्या खालच्या पट्टीत दडवून उठली. काका बसला. त्यानं आतलं मशीन सुरू केलं आणि हार्डडिस्क आत घ्यायचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली. काकानं ती बघता बघता बंद केली.

"पाहा! गायब!"

"थांबा. ते काय आलं होतं?"

"येते काईतरी रोज. ओके दाबलं का जाते."

"परत आणा. पोरी, वाच."

तिनं वाचलं. बाकीचं मला समजलं नाही, पण एक शब्द समजला. बिझी. हार्डडिस्क बिझी आहे.

मशीन रोज कबुली देत होतं आणि हा गडी रोज त्याचं तोंड दाबत होता!

माझ्या डोक्यात एकदम लॉकअप उभं राहिलं. आपला आरोपी दुसऱ्या ठाण्यानं तपासासाठी नेला, की आपल्या लॉकअपमध्ये तो दिसत नाही. म्हणून तो फरार होत नाही. तो त्यांच्या ताब्यात असतो. त्यांनी रीतसर सोडल्याशिवाय आपल्याला मिळत नाही.

"बिझी म्हणजे गेलेली नाई, भाऊ," मी म्हटलं. "कोणाच्या तरी ताब्यात हाय. पोरी, तुहा व्हिडिओ पुरा बंद कर. आता बाहेरून हार्डडिस्क सोड, रीतसर."

तिनं सोडली. काकानं बटण दाबलं. पत्रिकांच्या फायली आत रांगेनं उभ्या राहिल्या. मग उलटं करून पाहिलं. आतून सोडली की बाहेर दिसे, न सोडता मागितली की मागणाऱ्याला नाही.

केस इथं संपायला हवी होती. माझ्यासाठी खरी कटकट ठाण्यात झाली. तक्रार मागे घेताना काकानं लिहिलं, 'माझी हार्डडिस्क मिळून आली असून माझी काही तक्रार नाही.'

मी कागद परत सरकवला. "मिळून आली लिहायचं नाही."

"मिळाली ना पण?"

ठाणेदार साहेबही वैतागले. "काय फरक पडतो? घ्या तो कागद."

"साहेब, आपण मुद्देमाल मिळून आला लिहितो. तो कोणाजवळ तरी मिळून येतो. हा कागद हिच्या पडताळणीबरोबर राहील. उद्या कोणी विचारलं, कोणाजवळ मिळून आली, तर?"

साहेबांनी कोरा कागद पुढे केला. काका माझ्यावर डाफरला, "मंग काय लिहू?"

पुतणी दारात उभी होती. तिथूनच म्हणाली, "हरवलीच नव्हती, असं लिहा ना मोठेबाबा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पण लिहिलं तेच. मी पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही नाही' असं लिहून सही केली. ती नोकरीवर रुजू झाली.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच. एखादी वस्तू दिसत नाही असं कोणी म्हटलं, की चोर कोण हे मागाहून विचारावं. आधी विचारावं, ती सध्या कोणाच्या ताब्यात आहे.

पुढे नातवाच्या लग्नाची पत्रिका करायला मी मुद्दाम अकोल्याला त्याच घरी गेलो. संगणकाच्या वर भिंतीला पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता, पोरीच्या अक्षरात. 'आधी बाहेरून सोडा, मग आत घ्या.'

"पोरगी येते का इकडे?" मी विचारलं.

"नाई." काका पडद्याकडेच पाहत राहिला. "फोन लावतो मी. बिझी लागते."

चोर म्हटलं होतं त्यानं तिला, गल्लीसमोर. तो शब्द कोणत्या कागदावर नव्हता, म्हणून मला तो खोडताही आला नव्हता.

"बिझी म्हणजे गेलेली नाई, भाऊ," मी म्हटलं. "लावत जा."

परत येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली होती. तरी मी मूर्तिजापूरपर्यंत उभाच होतो.