तीन मिनिटांतला बोगदा

राज्यसभेत शून्य प्रहरात बोलायला खासदाराला तीन मिनिटं मिळतात. तीन झाली की माइक आपोआप बंद होतो, मग वाक्य अर्धं राहो की शब्द. ही तीन मिनिटं लिहून द्यायचं काम मी पाच वर्षं केलं. ज्यांच्यासाठी केलं ते विरोधी बाकांवरचे. राजकारणात येण्याआधी प्राध्यापक होते, म्हणून सगळी सांगली त्यांना सर म्हणते. मीही इथे सरच म्हणेन.

अधिवेशन जवळ आलं की सर माधवनगरच्या घरी तालीम घ्यायचे. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे आणि मी खुर्चीवर बसून सभापती व्हायचो. माझ्या मोबाइलवर तीन मिनिटं लावायची आणि वेळ संपली की हात वर करायचा. त्यानंतर जे बोलायचं राहिलं असेल ते कागदावर खोडायचं. सरांचे नियम दोनच. सुरुवात आपल्या भागातल्या गोष्टीने करायची आणि शेवटी ती देशाच्या प्रश्नाला नेऊन भिडवायची, हा पहिला. दुसरा, भाषणात एक माणूस हवा. "आकडे मंत्री खोडून काढतो, माणूस खोडता येत नाही," असं ते म्हणायचे. नाव घ्यायचं नाही, पण माणूस खरा पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. अशी खरी माणसं शोधून द्यायचं काम माझं. हळदीच्या सौद्यात दिवसभर ताटकळलेला शेतकरी मी दिला, फौजेतल्या मुलाच्या कागदासाठी हेलपाटे घालणारी आई दिली. मला ते चांगलं जमायचं.

तो हिवाळी अधिवेशनाच्या आधीचा रविवार होता. विषय हळदीचा. दुपारी चारच्या सुमाराला सर दुसऱ्या मिनिटात होते आणि माझा फोन वाजला. पडद्यावरची वेळ झाकली गेली आणि तिथे 'आबा' आलं. आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आई गेल्यावर गावी एकटे राहणारे. आमचं गाव साताऱ्याकडून शिरवळला जाताना हायवेच्या पलीकडे आहे. मी फोन कापला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर पुन्हा वाजला. सर थांबले.

"घ्या की. वडील ना?"

"ऊसतोडीची टोळी आली नसेल, तेच सांगायचं असेल. नंतर करतो," मी म्हणालो आणि दुसऱ्यांदा कापला.

नंतर विसरलो. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, म्हणून साधंच लिहितो. विसरलो. साडेसहाला स्कूटर लावताना आठवलं, तेव्हा फोन केला.

"काय न्हाई रं," आबा म्हणाले, "छातीत जरा भरल्यागत झालंय. जेवलो न्हाई दुपारचं."

"ओवा खावा आणि पडून राहा. गॅस झाला असंल."

"बरं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काही वेगळं होतं का, हे मी हजारदा आठवून पाहिलं आहे. कधी वाटतं होतं, कधी वाटतं मी ते आता घालतोय.

साडेसातला परत केला तर उचलेनात. मग बहिणीला केला. ती माझ्याहून धाकटी, शेजारच्याच गावात दिलेली, दहा मिनिटांवर. तिने धावत जाऊन रुग्णवाहिका बोलावली. आमच्या गावात शिरायला हायवेखालून एक बोगदा आहे. पाटाला पाणी सुटलं की ते झिरपून बोगद्यात साठतं, पावसाळा असो नसो. त्या दिवशी कमरेइतकं होतं. गाडी तिथवर आली, थांबली, मागे फिरली आणि लांबच्या पुलावरून वळसा घालून आली. साताऱ्याला पोहोचायच्या आत आबा गेले. डॉक्टर म्हणाले, "अर्धा-पाऊण तास आधी आले असते तर काही करता आलं असतं." हा पाऊण तास कुठला धरायचा, बोगद्यातला की माझ्या खिशातला, हे मी त्यांना विचारलं नाही.

आमच्याकडे रीत आहे. दहाव्यापर्यंत माणसं भेटायला येतात आणि प्रत्येक घोळका बसल्यावर तोच प्रश्न विचारतो, "कसं झालं ओ?" सांगायचं थोरल्या मुलाने. पहिल्या दिवशी मी सांगताना अडखळलो, फोनाचंही जवळजवळ बोललोच होतो. पण कुणीतरी मध्येच म्हणालं, "आन त्यो बोगदा," आणि सगळे बोगद्यावर बोलू लागले. मला सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी बोगद्यापासूनच सुरुवात केली. दिवसाला आठ-दहा घोळके यायचे. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी आखूड झाली, थोडी घट्ट झाली. दहाव्याला तिच्यात म्हातारा होता, छातीत कळ होती, गाडी होती आणि पाणी होतं. दुपार नव्हतीच. मी कुठे खोटं बोललो ते दाखवा म्हटलं तर मला आजही बोट ठेवता येणार नाही. मी फक्त राहिलेलं खोडलं होतं.

दहाव्याला सर आले. गावातल्या माणसांनीच त्यांना बोगद्यावर नेलं, पाणी दाखवलं. एक म्हातारा त्यांना म्हणाला, "आवं, दिल्लीत बोलताय म्हनं तुमी. मग ह्ये बोला की. का तितं फकस्त हळदीचंच चालतं?"

सर हसले नाहीत. परतताना गाडीपाशी मला म्हणाले, "हे मांडू या. चालेल तुम्हाला?"

मी होय म्हणालो. वर, लिहूनही मीच दिलं. सुरुवात गावाच्या बोगद्याने, मग आबा, नाव न घेता, 'देशासाठी लढलेला एक वृद्ध सैनिक', आणि शेवटी देशभर गावांना रस्त्यापासून तोडणारी अशी बांधकामं. तालमीत दोन मिनिटं पन्नास सेकंद भरले. इतकं नेमकं माझं कधी बसलं नव्हतं.

सर बोलले तेव्हा सभागृह शांत होतं. संपल्यावर दोन्ही बाजूंच्या खासदारांनी उठून आपली नावं या विषयाशी जोडून घेतली. हे सहसा होत नाही. तो तुकडा गावोगाव मोबाइलवर फिरला. बहिणीने बायका जमवल्या, बोगद्याच्या तोंडाशी आबांचा फौजी गणवेशातला फोटो असलेला फलक लावला आणि तिथेच धरणं धरलं. लोक मला भेटून हात हातात घ्यायचे.

महिन्याभराने मंत्र्यांच्या कार्यालयाचं पत्र आलं. उल्लेखलेल्या घटनेचा तपशील कळवावा. खाली प्रश्न होते: गाडी किती वाजता बोलावली, बोगद्यात किती वेळ गेला, आणि सगळ्यात वर, प्रकृती किती वाजता बिघडली. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "भरून टाका."

मी सगळ्यात वरचा प्रश्न वाचला. मग म्हणालो, "सर, चार वाजता."

"काय?"

"चारला बिघडली. तुम्ही खिडकीशी होता."

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मला तो फोन आठवत होता. तुमच्या गावात आलो तेव्हाही आठवत होता. तुम्ही काही बोलला नाहीत, मी विचारलं नाही."

मी चिडेन किंवा हलका होईन असं मला वाटलं. दोन्ही झालं नाही.

"मग मी काय लिहू?"

"साडेसात लिहिलंत तर माझं भाषण खरं राहतं आणि कागद खोटा होतो. चार लिहिलंत तर ते म्हणतील, सभागृहाची दिशाभूल केली, आणि बोगदा बाजूला पडेल." ते थांबले. "पाणी होतं ना पण?"

"होतं."

"मग मलाही कळत नाही," सर म्हणाले. "तुम्ही लिहा. मी सही करीन."

मी चार लिहिलं. पण टपालात टाकायच्या आधी गावी गेलो, कारण हे बहिणीला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. ती बोगद्यापाशी सतरंजीवर बसली होती.

"आलास व्हय," ती म्हणाली. "बायका म्हणत्यात, भावानं दिल्ली गाजवली आन हितं तोंड दावाय न्हाई."

तिला पाटाच्या कडेने थोडं लांब नेलं आणि सगळं सांगितलं. दोन फोन, ओवा, विसरलो ते. ती मला मारेल, निदान शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. खरं तर मला तेच हवं होतं.

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "चारला मी घरीच हुते. शेंगा फोडत."

"हं."

"तुला दोनदा केला आबांनी. सांगलीला. मला एकदा बी न्हाई."

याचा मी कधी विचारच केला नव्हता. इतके दिवस त्या दुपारी मी एकटाच होतो असं धरून चाललो होतो.

"कागदावर काय लिवलंस?" तिने विचारलं.

"चार."

"ऱ्हाऊ दे मग चारच. पर आबांच्या फोटूचा बोरड मी काढणार न्हाई. पाणी काय तुझ्या फोनातनं आलं न्हवतं."

आणि ती सतरंजीवर जाऊन बसली.

सरांनी सही केली, पत्र गेलं. दिशाभुलीचं कुणी काही म्हटलं नाही. 'सदस्यांनी दिलेल्या माहितीची नोंद घेतली आहे' असं दोन ओळींचं उत्तर आलं, आणि पुढच्या वर्षी बोगद्याला गटार काढायचं काम सुरू झालं. ते भाषणामुळे झालं, धरण्यामुळे झालं, की होणारच होतं, कोण सांगणार. सरांची मुदत संपली. मी आता घरीच असतो.

माझं ओझं उतरवायला मी बहिणीकडे गेलो होतो. तिच्या हाती दुसरंच देऊन आलो. ती माझ्यावर रागावलेली नाही. सणाला बोलावते, वाढते. पण मधूनच, भाकरी थापता थापता विचारते, "आबांनी मला का केला नसंल रं, दादा?"

परवाही विचारलं. मी म्हणालो, "लेकीला संसार आहे, तिला कशाला घोर, असं वाटलं असेल त्यांना. तुझ्यावर जीव होता म्हणूनच."

तिने तवा खाली उतरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे तुला म्हाईत हाय," ती म्हणाली, "का तू लिवून देतोयस?"