दुखवट्यात चालेल असा खेळ

बायको गेली त्या वर्षी आम्ही गोल्फचं मैदान बघायला जायचा बेत आखला. आमच्या सांडोरच्या घरात तोवर गोल्फचं नावही कुणी काढलं नव्हतं. टीव्हीवर लागला तर मी चॅनेल बदलायचो, कारण चष्मा लावूनही मला चेंडू दिसायचा नाही.

कारण होती मुलगी. दहावीत होती. आईला माती दिल्यापासून शाळा, चर्च आणि घर यापलीकडे ती कुठे जात नव्हती. काही विचारलं की "हं". ताटातलं अर्धं तसंच राहायचं. मला काळजी वाटायला हवी होती, पण त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. बँकेत जायचो, शिक्के मारायचो, परत यायचो. पोरीला एकदा घराबाहेर काढायला हवं, एवढं मात्र डोक्यात होतं.

पण न्यायचं कुठे? आमच्याकडे दुखवटा वर्षभर. लग्नाला जायचं नाही, सण करायचा नाही, रेडिओ लावायचा नाही. आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला शेजारच्या घरात माझी थोरली बहीण. कळंबच्या समुद्रावर जाऊ म्हटलं, तर म्हणाली, "काळे कपडे घालून वाळूत बसणार? लोक काय म्हणतील?" वटारला मावशीकडे जावं, तर तिथे बाप्तिस्म्याचं जेवण.

तेव्हा मुलीच्या मामाने गोल्फचं काढलं. मुंबईच्या एका कंपनीत तो साहेबांच्या पाहुण्यांची व्यवस्था बघायचा. हायवेच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी साहेबांच्या क्लबचं मैदान होतं, आणि एखाद्या रविवारी घरच्यांना दाखवायला आण, असं साहेब म्हणाले होते.

बहिणीने त्याची उलटतपासणी घेतली.

"गाणीबिणी असतात?"

"नाही ताई. कुणी मोठ्याने बोललं तरी गप्प करतात."

"हसतात?"

"मी तरी कुणाला बघितलं नाही. उन्हात मुकाट चालतात. चेंडू हरवला की माना खाली घालून शोधतात."

बहिणीचा चेहरा निवळला. "मग हरकत नाही," ती म्हणाली. "आधी चर्चमध्ये मिस्सा, मग निघायचं."

मग ती स्वतःही यायला निघाली. तिचे यजमान आले. शेजारच्या दोन बायकांना मैदान बघायचं होतं, म्हणून मामाची गाडी रद्द होऊन टेम्पो ठरला. एवढ्या माणसांना खायला काय, तर फुगे, म्हणजे आमच्याकडचे मैद्याचे गोल वडे, तळायचं ठरलं. मी प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत होतो. कुणी बँडवाला सांगितला असता, तरी "बरं" म्हटलं असतं.

शनिवारी संध्याकाळी बहीण फुग्यांचं पीठ भिजवायला बसली आणि मध्येच थांबली. फुगे म्हणजे सण. तिने पिठातला हात काढला.

"ही तर पिकनिक झाली. कुठे जायचं नाही."

"बरं," मी म्हणालो.

मुलगी दारात उभी होती. "आते, फुगे तू ठरवलेस. टेम्पो तू ठरवलास. मी काही मागितलं होतं? मला फक्त ते गवत बघायचंय. मी जाणार."

कित्येक आठवड्यांत ती एवढं बोलली नव्हती. "आईसारखीच उलट बोलते," बहीण म्हणाली आणि पीठ झाकून उठली. "जा मग तिघंच. चपाती-भाजी देते."

मामाला फोन केला. त्याने बजावलं, तिथे चपला चालत नाहीत, बूट हवेत. मुलीने शाळेचे बूट काढून माझ्यासमोर ठेवले. मी ब्रश घेतला.

"पप्पा," ती म्हणाली, "पॉलिश केलेले बूट दुखवट्यात चालतात का, आतेला विचारा."

ती मस्करी करतेय हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी खरंच उठून विचारायला गेलो. बहिणीने थोडा विचार केला.

"काळे आहेत ना?" ती म्हणाली. "मग चालतात."